विरोधी पॅनलमधलं स्थळ

पक्ष वेगळे म्हणून लग्न मोडलं, असं सिल्लोड तालुक्यात कुणी सांगितलं तर ऐकणारा हसेल. जात आडवी येते, पोटजात येते, धर्म तर येतोच. जमीन किती, विहिरीला उन्हाळ्यात पाणी राहतं का, मुलगा नोकरीला आहे की नुसताच कार्यकर्ता, याची कसून चौकशी होते. मुलाकडचे कोणत्या पक्षाचे हेही विचारलं जातं, पण अडवण्यासाठी नाही. एका घरात दोन पक्ष असले की कुठलंही सरकार आलं तरी काम अडत नाही, असं समजावणारे एक तरी मामा बैठकीत असतातच. त्यामुळे राजकीय प्रतिस्पर्धी एकमेकांच्या प्रेमात पडतात अशी मराठी कादंबरी, तीही याच तालुक्यातल्या एका निनावी गावात घडणारी, प्रस्तावनेसाठी हाती आली तेव्हा पहिला प्रश्न पडला तो हा, की यात अडचण कसली? आणि अडचण नसेल तर तीनशे पानं कशाला?

इंग्रजीत हा कादंबरीचा रुळलेला प्रकार आहे. दोन उमेदवार, नाहीतर दोन उमेदवारांचे प्रचारप्रमुख, नाहीतर एक मंत्री आणि त्याच्या विरोधात रोज लिहिणारी बातमीदार. आधी खटके, मग नाइलाजानं एकत्र प्रवास, मग प्रेम, मग बोभाटा आणि शेवट गोड. शेवट गोड असणं ही इथली अटच आहे. वाचक त्या भरवशावरच पुस्तक उचलतो. यात नाक मुरडण्यासारखं काही नाही. राम जिंकणार हे माहीत असूनही आपली माणसं रात्र रात्र कथेला बसतातच. पुढचं ठाऊक असलं की माणूस काय होतंय याची काळजी सोडतो आणि कसं होतंय ते बघतो.

या प्रकाराचा एक जुना आणि भक्कम नमुना म्हणजे एलिझाबेथ गॅस्केल यांची ‘नॉर्थ अँड साउथ’. १८५४-५५मध्ये ती चार्ल्स डिकन्स चालवत असलेल्या साप्ताहिकातून क्रमशः आली. थॉर्नटन हा उत्तरेकडचा गिरणीमालक, आणि मार्गारेट हेल ही दक्षिणेकडून आलेली, संपकरी मजुरांच्या घरात जाऊन बसणारी मुलगी. हे दोघं भांडतात ते मजुरी, संप आणि मालकाचा हक्क यांवरून. रुसवेफुगवे नंतर. भांडताना दोघांनाही समोरच्याचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकावं लागतं, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकाराची खरी गंमत त्या ऐकण्यात आहे. गावातही पाहा. आपण मागच्या ग्रामसभेत काय बोललो ते आपल्या पॅनलच्या माणसाच्या लक्षात नसतं. समोरच्या पॅनलवाला ते तारखेसकट सांगतो. आपले पाहुणे कुठले, कर्ज कोणत्या सोसायटीचं, कोणत्या चुलत्याशी बोलणं बंद आहे, हे सगळं त्याला पाठ असतं, कारण त्यावर त्याची मतं मोजायची असतात. इतकं बारीक लक्ष आयुष्यात दुसरं कोण देतं?

प्रत्यक्षातलं गाजलेलं जोडपंही तिकडचंच आहे. १९९२च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत जेम्स कार्व्हिल हे बिल क्लिंटन यांच्या प्रचाराचे सूत्रधार होते आणि मेरी मॅटलिन जॉर्ज बुश यांच्या प्रचारयंत्रणेत वरच्या जागेवर. दोघांचं जमलं होतं ते निवडणुकीच्या आधीच. क्लिंटन जिंकले, पुढच्या वर्षी या दोघांनी लग्न केलं, आणि १९९४मध्ये त्या लढाईवर दोघांनी मिळून पुस्तकही लिहिलं. अमेरिकी वाचकाला यात नवल वाटलं, कारण तिथे पक्ष बहुधा घरातून मिळतो आणि जन्मभर राहतो. तिथल्या कादंबरीकाराला दोन पक्षांची नावं लिहिली की अडचण आयती मिळते.

सिल्लोडला ती मिळत नाही. अब्दुल सत्तार इथून २००९ आणि २०१४ला काँग्रेसचे म्हणून निवडून आले, २०१९ला शिवसेनेचे म्हणून, आणि २०२४ला एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेचे म्हणून. २०२४ला त्यांच्यासमोर उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेचे सुरेश बनकर होते, जे त्याआधी भाजपमध्ये होते. फरक अडीच हजार मतांच्याही आत राहिला. म्हणजे लढत अटीतटीची, माणसं तीच, फक्त गळ्यातले गमछे बदललेले. अशा ठिकाणी नायक एका पक्षाचा आणि नायिका दुसऱ्या पक्षाची असं लिहून कुणी उसासे टाकायला लागलं, तर वाचक म्हणेल, थांबा की, पुढच्या निवडणुकीपर्यंत दोघं एकाच पक्षात असतील.

शेजारच्या कन्नडचं चित्र आणखी गुंत्याचं. २०१९ला औरंगाबाद लोकसभेच्या लढतीत हर्षवर्धन जाधव अपक्ष उभे राहिले. समोर शिवसेना-भाजप युतीचे चंद्रकांत खैरे, आणि जाधवांचे सासरे रावसाहेब दानवे त्या वेळी भाजपचे प्रदेशाध्यक्ष. खैरे ४,४९२ मतांनी हरले, इम्तियाज जलील खासदार झाले. पाच वर्षांनी विधानसभेला कन्नडमधून संजना जाधव शिवसेनेकडून उभ्या राहिल्या आणि त्यांच्याविरुद्ध, अपक्ष म्हणून, त्यांच्यापासून दुरावलेले पती हर्षवर्धन जाधव. संजना जाधव निवडून आल्या. ही सार्वजनिक जीवनातली माणसं आहेत आणि हा तपशील निवडणुकीच्या नोंदीतला आहे. तेवढ्यापुरताच मी तो घेतो, घराच्या आत डोकावण्याचं आपल्याला कारण नाही. पण कादंबरी लिहिणाऱ्याला त्यातून एक गोष्ट दिसायला हवी. आपल्याकडे प्रतिस्पर्धी प्रेमात पडल्याची उदाहरणं शोधावी लागतात. संसारातली माणसं प्रतिस्पर्धी झाल्याची उदाहरणं मात्र शोधावी लागत नाहीत.

देशातही तेच दिसतं. आचार्य कृपलानी आणि सुचेता कृपलानी यांचं लग्न १९३६चं, गांधीजींचा विरोध पत्करून केलेलं. १९५२ची निवडणूक दोघांनी काँग्रेस सोडून किसान मजदूर प्रजा पक्षातून लढवली. पुढे सुचेताबाई काँग्रेसमध्ये परतल्या, आचार्य परतले नाहीत. ऑगस्ट १९६३मध्ये नेहरू सरकारवरचा पहिला अविश्वास ठराव आचार्यांनी मांडला, आणि त्याच वर्षी २ ऑक्टोबरला सुचेताबाई काँग्रेसच्या मुख्यमंत्री म्हणून उत्तर प्रदेशात शपथ घेत होत्या. संसार टिकला. केरळात टी. व्ही. थॉमस आणि के. आर. गौरी अम्मा १९५७च्या पहिल्या कम्युनिस्ट मंत्रिमंडळात एकत्र मंत्री होते, आणि त्याच वर्षी त्यांनी लग्न केलं. १९६४ला पक्ष फुटला, ते एकीकडे राहिले, त्या दुसरीकडे गेल्या. १९६७च्या आघाडी सरकारात दोघंही पुन्हा मंत्री झाले, पण आता दोन वेगळ्या कम्युनिस्ट पक्षांचे. हा संसार टिकला नाही. या दोन जोड्यांत फरक काय, याचा विचार मी बरेचदा केला आहे. समाधानकारक उत्तर मिळालेलं नाही. एवढंच दिसतं की कृपलानींच्या घरात मतभेद दोन माणसांचे होते, आणि केरळात पक्ष स्वतःच दोन संसारांत वाटला गेला होता. पक्षाची शिस्त घरात झोपायला आली.

आपल्या भागाकडे परत येऊ. सोयरीक एकीकडे आणि निष्ठा दुसरीकडे ही गोष्ट इथल्या मातीत चारशे वर्षं जुनी आहे. वेरूळचे भोसले आणि सिंदखेडचे जाधव ही दोन्ही घराणी सिल्लोडहून सकाळी निघून दुपारपर्यंत गाठता येतील अशा अंतरावरची. जिजाबाई आणि शहाजीराजांच्या लग्नानं ती सोयरी झाली. पुढे खंडागळे यांचा हत्ती बिथरला, त्या गर्दीत दोन्हीकडच्या तलवारी निघाल्या, जिजाबाईंचे भाऊ दत्ताजी आणि भोसल्यांकडचे संभाजी मारले गेले, अशी हकिकत परंपरेनं आलेली आहे. लखुजी जाधव निजामशाही सोडून मोगलांकडे गेले, पुन्हा परतले, आणि १६२९मध्ये दौलताबादला निजामशहाच्या दरबारात त्यांची हत्या झाली. माहेर एका झेंड्याखाली, सासर दुसऱ्या, आणि मध्ये एक बाई. तिच्या मनात त्या वर्षांत काय चाललं होतं यावर कादंबऱ्यांनी आणि नाटकांनी पानंच्या पानं लिहिली. तिच्या स्वतःच्या शब्दांत त्यातलं काही हाती लागत नाही.

आणि अजिंठा. लेणी सोयगाव तालुक्यात येतात, पण अजिंठा गाव सिल्लोडमध्ये. तिथे पारोची समाधी आहे. मेजर रॉबर्ट गिल हा कंपनी सरकारच्या मद्रास फौजेतला अधिकारी. लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करायला १८४०च्या दशकाच्या मध्यावर तो इथे आला आणि बरीच वर्षं राहिला. त्याची बहुतेक चित्रं लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावली होती, ती १८६६च्या आगीत जळाली. स्वतः गिल १८७९मध्ये वारला, त्याची कबर भुसावळला आहे. पारो इथलीच मुलगी. ती २३ मे १८५६ रोजी गेली, आणि तिच्या दगडावर त्यानं तिचं नाव कोरून घेतलं. बाकीची पारो आपल्याला मिळाली ती ना. धों. महानोरांच्या ‘अजिंठा’ या दीर्घकाव्यातून आणि पुढे नितीन देसाईंच्या २०१२च्या चित्रपटातून. महानोर शेजारच्या पळसखेडचे, शेतकरी, आणि विधान परिषदेत बसून आलेले. राजकारण आणि प्रेम दोन्ही जवळून पाहिलेला कवी. राज्यकर्ता आणि जिच्यावर राज्य चालतं ती, याहून मोठं वैर कुठलं? तरीही पारो-गिलच्या गोष्टीला प्रतिस्पर्ध्यांचं प्रेम म्हणताना माझी जीभ अडखळते. गिलच्या बाजूला नेमणूक होती, पगार होता, पत्रव्यवहार होता, दगडावर नाव कोरायची ऐपत होती. पारोच्या बाजूला कागदावर काहीच नव्हतं. प्रतिस्पर्धी व्हायलाही माणसाकडे स्वतःच्या नावावर पणाला लावण्यासारखं काहीतरी असावं लागतं.

मला या कादंबरीच्या निमित्तानं मुख्य म्हणायचं आहे ते हेच. राजकारणातल्या घराण्यांनी आपसात दिलेल्या-घेतलेल्या मुलींना प्रतिस्पर्धी म्हणता येत नाही, कारण स्पर्धेत त्या नव्हत्याच. ज्या दिवशी मतपत्रिकेवर बाईचं स्वतःचं नाव आलं, त्या दिवसापासून मराठीत ही कथा शक्य झाली. त्याला फार वर्षं झालेली नाहीत. ७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३पासून अमलात आली, पंचायतींत एक तृतीयांश जागा बायकांना मिळाल्या. महाराष्ट्रानं २०११मध्ये त्या निम्म्या केल्या. पहिली काही वर्षं नाव बाईचं आणि खुर्चीत नवरा, दीर किंवा सासरा, असं सर्रास चाललं. आजही चालतं. पण आईच्या नावावर बाप सही करताना बघत मोठ्या झालेल्या मुली आता स्वतः अर्ज भरायच्या वयात आल्या आहेत, आणि त्यांतल्या काहींना पेन आपल्या हातात हवं आहे.

मराठी कादंबरीनं अजून त्यांची पुरेशी दखल घेतलेली नाही. राजकारण आणि प्रणय एकत्र आणायचा आपल्याकडचा पहिला मोठा उद्योग ग. त्र्यं. माडखोलकरांचा. ‘मुक्तात्मा’ १९३३ची. त्या काळच्या टीकाकारांची तक्रार होती की राजकारण तोंडी लावण्यापुरतं आणि प्रणय पोटभर. तक्रारीत तथ्य असेलही, पण राजकीय मतं असलेली माणसं प्रेमही करतात आणि एकाचा दुसऱ्यावर परिणाम होतो, हे निदान त्यांनी गृहीत धरलं होतं. पुढे अरुण साधूंनी ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’मध्ये मंत्रालयाचा जिना, टेलिफोन आणि आमदारांची बेरीज इतकी अचूक पकडली की त्यानंतरच्या राजकीय कादंबरीला हृदयापेक्षा आकडेमोड जास्त महत्त्वाची वाटू लागली. रंगनाथ पठारे यांच्या ‘ताम्रपट’चा पसारा मोठा आहे, राजन गवस यांच्या ‘तणकट’मध्ये गावचं राजकारण जातीच्या उभ्या चिरेतून दिसतं. तेंडुलकरांच्या ‘कन्यादान’ नाटकात समाजवादी बापाच्या घरात मुलीचं लग्न हाच राजकीय प्रयोग होऊन बसतो, आणि त्याची किंमत मुलगी मोजते. ही सगळी मोठी कामं आहेत. पण दोन माणसं एकाच पदासाठी समोरासमोर उभी आहेत, दोघांनाही ते पद खरोखर हवं आहे आणि दोघांना एकमेकंही हवी आहेत, ही साधी मांडणी मला तिथे सापडत नाही. २०२०मध्ये आलेल्या समीर विद्वांस यांच्या ‘धुरळा’ चित्रपटानं सरपंचपदासाठी एकाच घरातली माणसं एकमेकांविरुद्ध उभी केली, तेव्हा प्रेक्षकांनी ते लगेच ओळखलं. ओळखीचं होतंच.

आता ही कादंबरी. लेखिकेनं पक्षांना गावाच्या वेशीबाहेर ठेवलं आहे, आणि तिचा हा पहिला शहाणपणा. आपल्याकडे ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही. पॅनल असतात, कुणाची कपबशी, कुणाची छत्री. पॅनलचं वैर मात्र खरं असतं. कोणाच्या दुकानातून किराणा घ्यायचा, कोणाच्या जीपमध्ये बसायचं, कोणाच्या मयताला आधी पोचायचं, नळाला पाणी कोणत्या गल्लीत आधी सोडायचं, इथपर्यंत ते उतरतं. आमदार पक्ष बदलतो तेव्हा गावातले दोन्ही पॅनल एकाच आमदाराचे होतात आणि तरीही एकमेकांच्या पारावर बसत नाहीत. ज्यानं मुंबई-दिल्लीचं राजकारण बघून ही कादंबरी लिहिली असती त्याला हे कळलं नसतं.

दुसरा शहाणपणा म्हणजे थेट सरपंच. २०१७मध्ये राज्यात सरपंच थेट मतदारांनी निवडण्याचा कायदा झाला, २०२०मध्ये तो रद्द झाला, २०२२मध्ये पुन्हा आला. यातून गावोगाव एक विचित्र संसार सुरू झाला. सरपंच एका पॅनलचा आणि सदस्यांचं बहुमत दुसऱ्या पॅनलचं. उपसरपंच सदस्यांतून निवडला जातो, म्हणजे तो हमखास विरोधकांचा. थेट निवडून आलेल्या सरपंचाविरुद्ध पहिली दोन वर्षं अविश्वास ठराव आणता येत नाही. नंतर आणला तरी तीन चतुर्थांश सदस्य लागतात आणि वर ग्रामसभेची मंजुरी. म्हणजे पटो न पटो, मासिक सभेला एकाच टेबलाशी बसायचं, एकाच ठरावावर वाद घालायचा, वित्त आयोगाचे पैसे कोणत्या रस्त्यावर घालायचे ते ठरवायचं. इंग्रजी कादंबरीकार नायक-नायिकेला एकत्र कोंडण्यासाठी हिमवादळ आणि बंद पडलेली लिफ्ट शोधत फिरतो. महाराष्ट्र विधिमंडळानं आमच्या लेखिकेला ते काम कायद्यानंच करून दिलं.

नायिका थेट निवडून आलेली सरपंच आहे, वय सव्वीस, जागा सर्वसाधारण महिलेची. नायक उपसरपंच, विरोधी पॅनलचा, घरची मिरचीची खरेदी. या भागात हिरवी मिरची किती माणसांना जगवते आणि भाव पडला की किती जणांना रडवते ते इथल्या वाचकाला सांगायला नको. दोघांचं पहिलं कडाक्याचं भांडण मिरचीच्या गाड्यांनी उखडलेल्या रस्त्यावरून होतं, आणि ते मला फार आवडलं, कारण त्यात दोघांचंही बरोबर आहे.

पण सगळ्यात चांगलं प्रकरण त्याआधीचं आहे, माघारीच्या दिवसाचं. निवडणूक बिनविरोध व्हावी म्हणून जुनीजाणती मंडळी बसतात आणि तोडगा काढतात: ही पोर त्यांच्या घरात द्या, सोयरीक करा, भांडण मिटेल, पोरीनं अर्ज मागे घ्यावा, सरपंचपद त्याच्या चुलतीला. सगळ्यांना पटतं. मुलगा वाईट नाही, हे नायिकेलाही ठाऊक आहे. पुढे तिला तो आवडणारच आहे. तिला नको आहे ती माघार. तहसील कार्यालयाच्या आवारात दुपारचे तीन वाजेपर्यंत काय काय होतं, कोण कोण फोन करतं, आई काय म्हणते, ते लेखिकेनं घाई न करता लिहिलं आहे. विधानसभेच्या निवडणुकीत एकदा दिलेली माघार रद्द करता येत नाही असं कायदा सांगतो. गावात तर ती पिढ्यान्‌पिढ्या लक्षात राहते. तीन वाजतात, तिचा अर्ज जागेवर असतो आणि स्थळ मोडलेलं असतं. जुन्या मराठी कादंबरीत याच जागी नायिकेनं त्याग केला असता आणि आपण डोळे पुसले असते.

मग कादंबरीची खरी गाठ. नायकाचं घर गायरानावर आहे. आजोबांनी बांधलेलं, तीन पिढ्यांचं, वर स्लॅब पडलेलं. सरकारी जमिनीवर अतिक्रमण असलेला माणूस ग्रामपंचायतीत सदस्य राहू शकत नाही, असं कायदा म्हणतो. आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करून विरोधकाला घरी बसवायचं हे गावच्या राजकारणातलं हातखंडा हत्यार आहे. नायिकेच्या भावानं ती फाईल पहिल्याच महिन्यात तयार करून ठेवलेली असते. ती वापरत नाही. का वापरत नाही, हे सुरुवातीला तिलाही नीट सांगता येत नाही. पुढे दोघांचं जमतं तेव्हा तिच्या लक्षात येतं की ही फाईल आता तिच्यावरही चालते. २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्रातल्याच एका ग्रामपंचायत सदस्येच्या प्रकरणात ठरवून दिलं की अतिक्रमण मूळ कुणीही केलेलं असो, कुटुंबातला माणूस तिथे राहत असेल तर तोही अपात्र ठरतो. म्हणजे लग्न करून ती त्या घरात गेली की सरपंचपद गेलं. जात आड नाही, पक्ष आड नाही, आईबापांची समजूतही निघू शकते. आड आहे सातबाऱ्यावरची सरकारची मालकी. हे असलं अस्सल, कागदी, मराठी विघ्न मी आजवर कुठल्या प्रेमकथेत वाचलेलं नाही.

माझी तक्रार एक आहे आणि ती मी लेखिकेला तोंडावर सांगितली आहे. तिनं दोघांना एकाच जातीचं ठेवलं. त्यामुळे गायरानाची गाठ स्वच्छ दिसते, हे तिचं म्हणणं मला कळतं. पण २०१६च्या ‘सैराट’नंतर गावातल्या राजकीय घराण्यातली प्रेमकथा लिहिताना जात बाजूला ठेवणं म्हणजे अवघड पेपरातला सर्वांत जास्त गुणांचा प्रश्न ऑप्शनला टाकणं. कायद्यानं बाईची जात जन्माची. लग्नानं तिचा दाखला बदलत नाही, राखीव जागेवरचा तिचा हक्क राहतो. एवढ्या एका तरतुदीतून केवढी कथा निघाली असती! राखीव जागेवर निवडून आलेली सून घरात आली की सत्ता कोणाची, हा प्रश्न अनेक गावांत आज उभा आहे. पुढच्या पुस्तकात पाहू, असं ती म्हणाली. म्हणाली तेव्हा हसत होती, त्यामुळे खात्री धरता येत नाही. सिल्लोडसारख्या गावात धर्माचा प्रश्नही याच पंगतीत बसतो, आणि त्याला हात घालायला आणखी मोठी छाती लागेल.

भाषेबद्दल थोडं. खानदेश जवळ, अजिंठ्याचा घाट उतरला की अहिराणी कानावर येते, आणि शहरातल्या बाजारात दखनी. लेखिकेनं हे सगळं संवादांत येऊ दिलं आहे आणि पुण्याच्या वाचकासाठी तळटिपा दिलेल्या नाहीत. बरं केलं. प्रेमाचे संवाद मात्र तिनं कमी ठेवले आहेत. दोघं एकमेकांना शेवटपर्यंत सभेत ‘सरपंच मॅडम’ आणि ‘उपसरपंच साहेब’च म्हणतात, आणि त्यातला उपरोध पानागणिक कमी कमी होत जातो. कोणत्या पानावर तो पूर्ण संपतो हे मी शोधायचा प्रयत्न केला. नेमकी जागा सापडत नाही, आणि ते कसब लहान नाही.

शेवट गोड आहे की नाही, हे सांगून मी प्रकाशकांचा राग ओढवून घेणार नाही. वाचकाला फक्त एक नियम माहीत असावा, कारण शेवटचं प्रकरण त्यावर उभं आहे आणि लेखिका तो कुठेही समजावून सांगत नाही. सरपंचाला राजीनामा द्यायचा असेल तर तो पंचायत समितीच्या सभापतीकडे द्यावा लागतो, म्हणजे सिल्लोडला जावं लागतं. उपसरपंचाचा राजीनामा मात्र गावातच राहतो. तो लेखी द्यावा लागतो, आणि द्यावा लागतो सरपंचाच्याच हातात.